काडतुसांचे हस्तभरण आणि रायफलची अचूकता

काडतुसांचे हस्तभरण म्हणजे कारखान्यात तयार झालेले काडतूस न वापरता पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी हे चार सुटे घटक हाताने जुळवून काडतूस तयार करण्याची क्रिया होय. एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा वापरली जात असल्यास या क्रियेस पुनर्भरण असेही म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातील अनेक देशांत नेमबाज व शिकारी यांच्यात हा छंद रूढ आहे. खर्चात बचत हे त्याचे एक कारण असले, तरी लक्ष्यवेधी नेमबाजीत त्याचा मुख्य हेतू अचूकता हाच असतो. कारखान्यातील काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत चालावे अशा बेताने केलेले असते. हस्तभरण करणारा मात्र एकाच रायफलीचे माप घेऊन तिच्यापुरते काडतूस बेततो. तयार कपडा आणि शिंप्याकडून अंगासरसा शिवून घेतलेला कपडा यांत जो फरक असतो, तोच येथेही असतो.

हस्तभरणामुळे साधणाऱ्या अचूकतेचे गमक उत्तमोत्तम घटक निवडण्यापेक्षा प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखे होण्यात आहे. त्यासाठी वापरली जाणारी साधने गेल्या शतकभरात फार सुधारली. तथापि कोणत्या साधनाने खरोखर फरक पडतो आणि कोणत्या साधनाने केवळ मनाचे समाधान होते, हे ठरविणे हा या विषयातील सर्वांत अवघड भाग राहिला आहे.

काडतुसाची रचना

बोलीभाषेत संपूर्ण काडतुसालाच 'गोळी' म्हणण्याचा प्रघात आहे. शास्त्रीय दृष्ट्या मात्र नळीतून बाहेर पडून लक्ष्याकडे जाते तेवढीच गोळी. मराठीतील 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो' या शब्दावरून आला आहे. पूर्वीची काडतुसे कागदाच्या गुंडाळीची असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा पितळी पुंगळीने घेतली आणि तीच पुंगळी पुन्हा भरता येईल, ही शक्यता प्रथमच निर्माण झाली.

रायफलीच्या पुंगळीचे बूड, धड, खांदा आणि मान असे भाग कल्पिले जातात. बुडाच्या मध्यभागी असलेल्या खळग्यात प्राइमर ही लहानशी धातूची वाटी बसवितात. तिच्यातील आघाताने पेटणारे द्रव्य ठिणगीचे काम करते. धडात धूररहित दारू असते, तर मानेत गोळी घट्ट बसविलेली असते. झाडण्याच्या क्षणी दारूचा वायू होतो, पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते, मान सैल होते आणि गोळी नळीतील पेचदार खाचांत शिरून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. ही सारी घटना एक-दोन सहस्रांश सेकंदात उरकते.

पुनर्भरण सोपे की कठीण, हे बऱ्याच अंशी प्राइमरच्या बैठकीवर अवलंबून असते. १८६६ च्या सुमारास दोन पद्धती पुढे आल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ठिणगी आत जाण्यासाठी सहसा दोन बारीक छिद्रे असतात, तर इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत मधोमध एकच छिद्र असते. एकाच छिद्रातून सरळ सळई घालून वापरलेला प्राइमर बाहेर ढकलता येतो, म्हणून बॉक्सर पद्धत हस्तभरणास सोयीची ठरली. गंमत अशी, की इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची पद्धत युरोपात अधिक रुळली. अमेरिकेत हा छंद इतका फोफावण्यास हेही एक कारण झाले.

इतिहास

पितळी पुंगळ्या प्रचारात येताच त्या भरण्याची हत्यारेही बाजारात आली. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे स्थापन केलेल्या आयडियल कंपनीचे चिमट्याच्या आकाराचे हत्यार प्रसिद्ध आहे. प्राइमर काढणे, नवा बसविणे आणि गोळी दाबणे ही कामे ते एकटेच करीत असे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्येल यांनी धूररहित दारू तयार केली. काळ्या दारूपेक्षा ती कितीतरी अधिक शक्तिमान होती, त्यामुळे मोजमापातील चूक पूर्वीइतकी क्षम्य राहिली नाही.

अचूकतेचा पद्धतशीर शोध घेणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्समधील फ्रँकलिन मान हे अग्रणी होत. ते पेशाने वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते. नेमबाजाचा हात, डोळा आणि खांदा यांमुळे होणाऱ्या चुका वगळण्यासाठी त्यांनी नळी काँक्रीटच्या भक्कम आधारावर ठेवून प्रयोग केले. गोळीच्या मार्गात कागदी पडद्यांची रांग उभारून तिचा प्रवास ठायी ठायी टिपण्याची युक्तीही त्यांनी वापरली. त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही गोळ्यांचे टोक मुद्दाम बिघडविले, तर काहींचे बूड बिघडविले. टोक बिघडलेल्या गोळ्या फारशा भरकटल्या नाहीत. बूड बिघडलेल्या मात्र दूरवर विखुरल्या. गोळी नळीचे तोंड सोडते तेव्हा मागून रेटणारा वायू वाकड्या बुडाच्या एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. टोकदार, देखणी गोळी अचूक असणारच, या समजाला त्यामुळे धक्का बसला. डोळ्याला दिसणारा दोष आणि अचूकता बिघडविणारा दोष हे एकच असतील असे नाही, हा मान यांच्या प्रयोगांतून निघणारा अर्थ आजही लागू पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सरकारी साठ्यातील दारू स्वस्तात विक्रीस आली आणि गोळ्या, साचे, प्रेस बनविणारे अनेक लहान उद्योग उभे राहिले. याच सुमारास भक्कम टेबलावर रायफल टेकवून लहानात लहान समूह साधण्याची 'बेंचरेस्ट' ही स्पर्धा रूढ झाली. अचूकतेची ही जणू प्रयोगशाळाच होती. रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी तयार केलेले .२२२ रेमिंग्टन हे काडतूस १९५० मध्ये बाजारात आले आणि या स्पर्धांवर त्याचा दीर्घकाळ पगडा राहिला. पुढे १९७५ च्या सुमारास लुई पामिसानो हे शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल हे यंत्रकार यांनी एका रशियन काडतुसाच्या पुंगळीत बदल करून आखूड व जाडसर बांध्याचे '६ पीपीसी' तयार केले. बेंचरेस्टमध्ये ते आजतागायत अग्रस्थानी आहे. आरंभी ते केवळ हस्तभरणानेच मिळू शकत होते.

अचूकता कशी मोजतात

एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या लक्ष्यावर एकाच छिद्रातून जात नाहीत. त्यांचा समूह तयार होतो. समूहातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर हे त्याचे नेहमीचे माप होय. अंतरानुसार समूह मोठा होत असल्याने हे माप कोनात सांगण्याची पद्धत आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. १०० मीटरवर एक मिनिटाचा कोन सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो. या मापाने एक मिनिटाचा समूह देणारी रायफल शिकारीस उत्तम समजली जाते. बेंचरेस्टच्या रायफली पाव मिनिटापेक्षाही लहान समूह देतात.

समूहाच्या विस्तारास रायफल, नेमबाज, वारा आणि काडतूस हे सारेच जबाबदार असतात. त्यांचे दोष एकमेकांत सरळ बेरजेने मिळत नाहीत. ते परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर प्रत्येकाचा वर्ग घेऊन बेरीज करावी लागते आणि त्या बेरजेचे वर्गमूळ काढावे लागते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढतात तशीच ही रीत आहे. समजा, रायफल व नेमबाज मिळून एक मिनिट आणि काडतुसे अर्धे मिनिट विखुरण देतात. एकूण विखुरण १.१२ मिनिट होईल. पुष्कळ खर्च व श्रम करून काडतुसांचा दोष निम्मा केला, तरी एकूण आकडा १.०३ वर येतो, म्हणजे सुधारणा जेमतेम आठ टक्के. याउलट रायफल व नेमबाज यांचे विखुरण पाव मिनिट असेल, तर काडतुसांतील तीच सुधारणा एकूण विखुरण ०.५६ वरून ०.३५ वर आणते. सामान्य रायफलीसाठी महागडी साधने घेणाऱ्याच्या पदरी निराशा का येते, आणि स्पर्धेतील निष्णात नेमबाज त्याच साधनांची एवढी प्रशंसा का करतो, याचा उलगडा या गणिताने होतो. दोघेही आपापल्या ठिकाणी खरेच बोलत असतात.

पुंगळीची सिद्धता

हस्तभरणातील बहुतेक श्रम पुंगळीवर खर्ची पडतात, आणि ते योग्यही आहे. कारण चार घटकांपैकी पुन्हा पुन्हा वापरला जाणारा हाच एक घटक असून प्रत्येक वापरात तो थोडा बदलतो. पुंगळीसाठी ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे पितळ वापरतात. झाडताना ती चेंबरच्या आकाराइतकी फुगते आणि थोडी आखडते. पुन्हा भरण्यापूर्वी तिला वंगण लावून प्रेसच्या साहाय्याने पोलादी डायमध्ये दाबून पूर्ववत आकार द्यावा लागतो.

येथेच पहिली निवड करावी लागते. डाय पुंगळीला वाजवीपेक्षा अधिक आवळत असेल, तर झाडताना ती तितकीच जास्त ताणली जाते, बुडाजवळची भिंत पातळ होत जाते आणि काही वापरांनंतर तेथून ती तुटते. पूर्वी यावर उपाय म्हणून केवळ मानच आवळण्याची पद्धत होती. पण मग पुंगळी हळूहळू चेंबरमध्ये अडकू लागते आणि रायफलीचा बोल्ट जोर लावून बंद करावा लागतो. हा जोर प्रत्येक वेळी सारखा नसतो, साहजिकच नेमही सारखा राहत नाही. म्हणून आता पूर्ण पुंगळी डायमध्ये दाबतात. मात्र खांदा चेंबरमधील मापापेक्षा केवळ ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर एवढाच मागे ढकलतात. हे माप डोळ्यांनी कळत नाही. व्हर्निअर कॅलिपरला जोडून खांद्याची उंची मोजणारे लहानसे साधन त्यासाठी लागते. ते स्वस्त असते आणि अचूकता व सुरक्षितता दोहोंना उपकारक ठरते. नवशिक्याने तराजूनंतर लगेच घ्यावे असे हेच साधन होय.

मानेची पकड हा दुसरा महत्त्वाचा भाग. मान गोळीला किती घट्ट धरते, यावर गोळी सुटण्याचा क्षण व आरंभीचा दाब अवलंबून असतो. पकड थोडी कमी की थोडी अधिक, यापेक्षा ती सर्व पुंगळ्यांत सारखी असणे महत्त्वाचे. जुन्या डायमध्ये मान आधी फार आवळली जाते आणि मग आतून एक गोळा ओढून ती पुन्हा रुंद केली जाते. या ओढाताणीत मान वाकडी होण्याचा संभव असतो. बदलता येणाऱ्या पोलादी कड्यांच्या डायमुळे मान हव्या त्या मापालाच थांबविता येते.

वारंवार आवळल्याने व फुगल्याने पितळ कठीण व ठिसूळ होते, मानेची पकड बदलते आणि शेवटी मानेला चीर पडते. तांबट भांडे ठोकताना ते अधूनमधून भट्टीत तापवून मऊ करून घेतो. तोच उपाय येथे पुंगळीची मान व खांदा क्षणभर तापवून करतात. हे काम नेमके वेळेत व्हावे म्हणून ज्योतीची किंवा विद्युत् प्रवर्तनाची यंत्रे मिळतात. बूड मात्र मुळीच तापता कामा नये. सारा दाब बुडाला सोसावा लागतो. ते मऊ पडलेली पुंगळी पुन्हा वापरणे धोक्याचे ठरते.

पितळातील या ताणाचा एक प्रसिद्ध अध्याय भारतात घडला आहे. ब्रिटिश अमदानीत येथील लष्कराच्या साठ्यातील काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात, कोणी हात न लावताही, तडे जात. ऋतूशी असलेल्या या संबंधावरून त्या दोषाला 'ऋतुभंग' या अर्थाचे इंग्रजी नाव पडले. काडतुसे तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि पुंगळी घडविताना पितळात राहून गेलेला ताण या तिघांचा तो संयुक्त परिणाम होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याची शास्त्रीय मीमांसा प्रसिद्ध केली. पितळाला सौम्य उष्णता देऊन ताण घालविणे आणि अमोनियापासून ते दूर ठेवणे, हा त्यावरचा उपाय. पितळेची भांडी लखलखीत करणारी अमोनियायुक्त द्रावणे पुंगळ्या उजळण्यास का वापरू नयेत, याचे कारण या जुन्या प्रकरणात सापडते.

पुंगळ्यांची लांबी सारखी करणे, तोंडाची कड घासणे, प्राइमरचा खळगा स्वच्छ करणे ही कामे आवश्यक व किरकोळ आहेत. पुंगळ्या वजनाने निवडणे, छिद्राची आतली कड तासणे, मानेची जाडी यंत्राने सारखी करणे ही कामे बेंचरेस्टच्या काटेकोर चेंबरसाठी अर्थपूर्ण असली, तरी इतरत्र त्यांचा लाभ सिद्ध करणे कठीण जाते.

दारू, तराजू आणि वेग

दारूचे वजन ग्रेन या एककात सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सराफाच्या जुन्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. दारूचे प्रमाण वाढले की वेग वाढतो. .३०८ विंचेस्टरसारख्या मध्यम आकाराच्या काडतुसात एक दशांश ग्रेनच्या फरकाने वेगात साधारण दीड ते दोन मीटर प्रति सेकंद एवढा फरक पडतो.

हा फरक महत्त्वाचा की क्षुल्लक, हे लक्ष्य किती दूर आहे यावर ठरते. याच काडतुसाच्या गोळीचा वेग ३ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला, तर १०० यार्डांवर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली लागते, तर १,००० यार्डांवर सुमारे ८ सेंटिमीटर. अमेरिकेतील 'एफ-क्लास' या दूर पल्ल्याच्या स्पर्धेत १,००० यार्डांवरील दहा गुणांचे वर्तुळ १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे असते. ८ सेंटिमीटरची घसरण त्यात उपेक्षणीय नाही. म्हणूनच बेंचरेस्टचे नेमबाज १०० व २०० यार्डांवर वजन न करता मापाने ओतलेल्या दारूवर जगातील लहानात लहान समूह साधत आले, तर दूर पल्ल्याचे नेमबाज दारूच्या एकेका कणाचा हिशेब ठेवतात.

तराजूंमध्ये तीन पिढ्या दिसतात: दांडीचा तराजू, स्वस्त विद्युत् तराजू आणि प्रयोगशाळेतील चुंबकीय तत्त्वावरचा तराजू. शेवटचा दारूचा एकेक कणही दाखवितो. दांडीचा तराजू सावकाश चालतो, पण विश्वासू असतो. स्वस्त विद्युत् तराजू तापमान व विजेच्या चढउताराने सरकतो, हा त्याचा खरा दोष. वाचनाचा आकडा किती दशांशांपर्यंत दिसतो, हा नव्हे. प्रमाणित वजन ठेवून वारंवार पडताळा घेणे म्हणूनच आवश्यक असते. तराजूच्या चुकीमुळे वेगात येणारे विचलन ०.९ मीटर प्रति सेकंद आणि इतर सर्व कारणांनी येणारे ३ मीटर प्रति सेकंद असेल, तर वर सांगितलेल्या वर्गमूळाच्या रीतीने एकूण विचलन ३.१३ येते. तराजू अगदी निर्दोष केला तरी ते ३ च्या खाली जात नाही. उरलेला भाग प्राइमरमधील फरक, मानेची पकड आणि पुंगळीचे आतील घनफळ यांच्या खात्यावर जमा असतो.

वेग मोजण्यासाठी क्रोनोग्राफ वापरतात. प्रकाशसंवेदी पडद्यांची जुनी यंत्रे ऊनसावलीने फसत. अलीकडच्या लहान रडार यंत्रांनी ही अडचण बरीच दूर केली आहे. हस्तभरण करणाऱ्याला आपल्या कामाचा निर्मळ पुरावा देणारे साधन म्हणून त्याचे मोल तराजूपेक्षा कमी नाही.

गोळी बसविणे

गोळी पुंगळीच्या अक्षाशी सरळ रेषेत आणि प्रत्येक वेळी सारख्या खोलीवर बसावी लागते. खोली संपूर्ण काडतुसाच्या लांबीवरून मोजणे हा सामान्य प्रमाद आहे. कारण गोळ्यांची टोके एकाच खोक्यातही कमीअधिक असतात. गोळीचा जो वळणदार भाग नळीतील खाचांना प्रथम भिडतो, तेथून मोजणे योग्य. खाचांपासून गोळीचे अंतर किती असावे, हे प्रत्येक रायफलीसाठी प्रयोगाने ठरवावे लागते. नळीची सुरुवात झिजत जाते तसे ते अंतर आपोआप वाढते. मायक्रोमीटर लावलेल्या डायने हे अंतर सूक्ष्मतेने बदलता येते. गोळी खाचांना अगदी टेकविल्यास दाब वाढतो, हे विसरून चालत नाही.

गोळीचा वाकडेपणा मोजण्यासाठी काडतूस दोन आधारांवर फिरवून डायल गेज लावतात. वाकडेपणा आढळल्यास काडतूस दाबून सरळ करण्यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर येतो, हे शोधणे श्रेयस्कर. तो बहुधा मान आवळतानाच आलेला असतो.

अल्प नमुन्यांचा भ्रम

हस्तभरणाच्या परंपरेत अनेक ठाम समज आहेत आणि त्यांतील बरेचसे तीन किंवा पाच गोळ्यांच्या समूहांवर उभे आहेत. त्याच रायफलीतून, त्याच काडतुसांनी, वारा नसताना पाच-पाच गोळ्यांचे दहा समूह झाडले, तर सर्वांत मोठा समूह सर्वांत लहान समूहाच्या दुप्पट भरणे ही नित्याची गोष्ट आहे. काडतुसांत काहीही बदललेले नसते; तो निव्वळ यादृच्छिकतेचा खेळ असतो. अशा स्थितीत दारूची दहा निरनिराळी प्रमाणे घेऊन प्रत्येकाचा एकेक समूह झाडणारा आणि त्यांतील सर्वांत लहान समूहाला 'रायफलीचे आवडते भरण' ठरविणारा मनुष्य बहुधा योगायोगाचीच निवड करीत असतो. पुढच्या आठवड्यात तेच भरण साधारण समूह देते, तेव्हा दोष वाऱ्याला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो.

वेगाच्या बाबतीतही हेच घडते. पाच गोळ्यांवरून वेगाचे प्रमाण विचलन ४ मीटर प्रति सेकंद आले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की खरे विचलन २.४ ते ११.५ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. तीस गोळ्या झाडल्यावर हीच मर्यादा ३.२ ते ५.४ पर्यंत आकसते. क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी 'शिडी' पद्धत, म्हणजे दारू थोडी थोडी वाढवीत एकेक गोळी झाडून लक्ष्यावर त्यांची उंची कोठे स्थिरावते ते पाहण्याची रीत, गोळ्यांची व नळीची बचत करते म्हणून लोकप्रिय आहे. पण तीत दिसणारा सपाट टप्पा पुन्हा झाडून पडताळल्याशिवाय त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

यात अडचण अशी, की पडताळ्यासाठी लागणाऱ्या गोळ्या नळीचे आयुष्य खर्च करतात. काही वेगवान काडतुसांची नळी एक-दोन हजार गोळ्यांतच स्पर्धेच्या दृष्टीने निकामी होते. सर्वच समजांची परीक्षा कोणा एकाला परवडत नाही. यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे, लहान समूहांची मापे वेगवेगळी न पाहता एकाच केंद्राभोवती एकत्र मांडणे, आणि प्रत्येक काडतुसाची नोंदवही ठेवणे. चांगली नोंदवही हे हस्तभरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन होय.

धोके

.३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसाचा कमाल अनुज्ञेय दाब वातावरणाच्या दाबाच्या ४,००० पटींहून अधिक असतो आणि तो नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उत्पन्न होतो. पिस्तुलाची शीघ्र जळणारी दारू चुकून रायफलीच्या पुंगळीत पडल्यास रायफल फुटू शकते. म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवण्याचा, आणि गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून पाहण्याचा दंडक आहे. दारूचे प्रमाण उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांतूनच घ्यावे लागते. आरंभ तक्त्यातील किमान प्रमाणापासून करतात. कोणताही घटक बदलला की पुन्हा तेथूनच सुरुवात करतात. शिफारशीपेक्षा फार कमी दारू भरणेही सुरक्षित मानले जात नाही. थंड हवेत बेतलेले कमाल भरण उन्हाळ्यात मर्यादा ओलांडू शकते. प्राइमर चपटा होणे, बोल्ट जड उघडणे ही अतिदाबाची लक्षणे दिसतात तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. वापरलेल्या प्राइमरच्या काजळीत शिसे असते. पुंगळ्या घासताना उडणारी धूळ श्वासावाटे जाऊ न देणे आणि काम संपल्यावर हात धुणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हस्तभरण सर्वत्र लागत नाही

अचूक नेमबाजीची प्रत्येक परंपरा हस्तभरणावर उभी नाही. इंग्लंडमधील बिस्ले येथे १८९० पासून भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांत टार्गेट रायफलच्या प्रमुख सामन्यांसाठी सर्वांना एकाच साठ्यातील काडतुसे देण्याची प्रथा आहे. तेथे नेमबाजाची परीक्षा वारा ओळखण्यात होते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक असल्याने हस्तभरण हा घरगुती छंद म्हणून रुजलेला नाही. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांतही त्याला वाव नाही. १० मीटर प्रकारात हवेच्या दाबावरील रायफल असते, तर ५० मीटर प्रकारात .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. या काडतुसात पेटणारे द्रव्य वेगळ्या प्राइमरमध्ये नसून पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. झाडताना ती कड चेपली जाते आणि पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात मिळविलेले सुवर्णपदक आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात मिळविलेले कांस्यपदक, ही दोन्ही याच पुन्हा न भरता येणाऱ्या काडतुसाच्या प्रकारांतील आहेत.

हस्तभरणाचा मार्ग बंद असल्याने या प्रकारातील नेमबाज काडतूस घडवीत नाहीत, निवडतात. कारखान्यात एकाच दिवशी एकाच यंत्रावर तयार झालेल्या काडतुसांच्या प्रत्येक तुकडीला क्रमांक असतो. आंतरराष्ट्रीय दर्जाचे नेमबाज आपली रायफल किंवा तिची नळी उत्पादकाच्या चाचणीकेंद्रात नेतात. तेथे ती शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या तुकड्यांची काडतुसे ५० मीटरवर झाडतात. जी तुकडी त्या विशिष्ट नळीला मानवते, तिची हजारो काडतुसे वर्षभरासाठी एकदम राखून ठेवली जातात. या प्रकारातील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, तर गोळी सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची असते.